मार्थाबाई खोटं बोलल्या नाहीत

सातवीच्या मुलींना भूगोल शिकवत होते, तेव्हा मिशनच्या दवाखान्यातली एक आया वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत यावं की नाही ते तिला कळेना, म्हणून मीच बाहेर गेले. "मार्थाअम्मा गुजर गए," ती म्हणाली, आणि तीच मुख्य बातमी असावी तसं लगेच पुढे म्हणाली, "मट्टी शाम को है." मी वर्गात परतले, नकाशावरची तुंगभद्रा संगमापर्यंत नेली आणि घंटा झाल्यावर मोठ्या बाईंकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. "जवळचं कोणी होतं का?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरी येणाऱ्या नर्सबाई होत्या," एवढंच म्हणाले. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून नीटसं देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

हैदराबादेत सुलतान बाजारापासून हिमायतनगरपर्यंतच्या मराठी घरांतून आज जी मुलं शाळा-कॉलेजात जाताना दिसतात, त्यांतल्या कितीतरी जणांना या जगात पहिल्यांदा हातात घेतलं ते मार्थाबाईंनी. उंच, हाडापेराने रुंद, पांढरं पातळ, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. त्या मूळच्या जालन्याकडच्या. प्लेगच्या साली त्यांची आई गावाबाहेरच्या झोपडीत वारली आणि मागे राहिलेलं पोर सिस्टरांनी उचलून अनाथालयात नेलं. तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथेच त्या लिहा-वाचायला आणि सुइणीचं काम शिकल्या. लग्न केलं नाही. मराठी त्यांची आमच्यासारखीच होती, फक्त मध्येच "हौ" आणि "नक्को" यायचं, ते तर आम्हा सगळ्यांच्याच बोलण्यात येतं. त्या कधी खोटं बोलत नसत. बाळंतिणीची आई "सगळं ठीक होईल ना?" म्हणून विचारायची, तर मार्थाबाई म्हणायच्या, "आत्ताच कसं सांगू?" लोकांना याचा राग यायचा, पण बोलावणं त्यांनाच जायचं.

पोलीस अ‍ॅक्शनच्या त्या दिवसांत आईचे दिवस भरत आले होते. माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी, तुळजापूरच्या देवीला नवस बोलून राहिलेले. गल्लीतली निम्मी घरं रझाकारांच्या भीतीने केव्हाच कुलुपं लावून सोलापूरकडे गेली होती. माझे वडील अण्णा वकील, माणसांत वजन असलेले, पण आईला त्या अवस्थेत प्रवास झेपणार नाही म्हणून आम्ही राहिलो. दारं-खिडक्या लावून, कोंडलेल्या हवेत. आकाशात विमानांचा आवाज आला की आई पोटावर हात ठेवायची. आणि ज्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली, नेमक्या त्या दिवशी तिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी यायला नकार दिला. मार्थाबाई नामपल्लीहून चालत आल्या. वाटेत दोनदा अडवलं म्हणाल्या, एकदा ह्या बाजूच्यांनी, एकदा त्या बाजूच्यांनी.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. गरम पाणी आणून देणं, चिंध्या फाडून देणं, हे माझं काम. दुपार कलायच्या सुमाराला बाळ झालं. मुलगा. इवलासा, निळसर, रडणं असं नाहीच, नुसतं मांजराच्या पिलासारखं बारीक कण्हणं. मार्थाबाईंनी त्याला पालथं धरलं, चोळलं, तोंडाने वारा घातला... मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "कुमुद, गार पाणी आण थोडं." मी तांब्या आणला. त्यांनी ओंजळीतून त्याच्या कपाळावर तीनदा पाणी सोडलं आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मला वाटलं, त्याला जाग यावी म्हणून करताहेत. दिवेलागणीला तो गेला. त्याच वेळी शेजारच्या रेडिओवरून बातमी आली होती आणि सगळी गल्ली दारं उघडून बाहेर पडली होती. कोणीतरी आमचंही दार वाजवलं. अण्णांनी उघडलं, तर समोर पेढ्यांचं ताट. अण्णांनी पेढा घेतला. तो हातात तसाच धरून ते आत आले आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मागच्या परसात खड्डा खणला.

आई दहा-बारा दिवस काही बोलली नाही. मार्थाबाई रोज येऊन तिला पाहून जात. एके दिवशी तिचे केस विंचरताना त्या म्हणाल्या, "वहिनी, एक सांगते, तुमच्या मनाला बरं वाटेल. बाळाची काळजी करू नका. तो जिवंत असताना मी त्याचा बाप्तिस्मा केला. तो सरळ देवापाशी गेला."

आईला आधी उमजलंच नाही. मग तिने मान वळवली. "म्हणजे काय केलंत?"

मार्थाबाईंनी सांगितलं. अगदी सरळ, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या मुलाला देवाचं दर्शन होत नाही. तशी मुलं एका अशा जागी राहतात, जिथे दुःखही नाही आणि देवही नाही. तसं होऊ नये म्हणून पाणी घातलं, नाव ठेवलं.

"नाव ठेवलंत?" आमच्याकडे बारशापर्यंत नाव नसतं. आई त्याला मनातसुद्धा नुसतं 'बाळ' म्हणत होती. "काय नाव?"

"योसेफ."

आईने ते नाव एकदा म्हणून पाहिलं. तिला ते नीट म्हणता आलं नाही. मग तिने विचारलं, "आणि मी मेल्यावर? मी जाईन तिथे?"

फणी मार्थाबाईंच्या हातात तशीच राहिली. त्या क्षणी त्या काहीही म्हणू शकल्या असत्या. 'देवालाच ठाऊक' एवढं म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं.

"नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "तुम्ही ख्रिस्ती नाही."

"मग त्याला कशाला पाठवलंत तिथे?" आई ओरडली. "आमच्यातच राहू द्यायचा होता! आम्ही जिथे जाणार तिथे!" अण्णा धावत आले. त्यांनी मार्थाबाईंना निघून जायला सांगितलं. त्या गेल्या. जाताना उंबऱ्यापाशी थांबून आईला म्हणाल्या, "माझी आईसुद्धा तिथे नाही, वहिनी. तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. ती मला भेटणार नाही हे मी लहानपणापासून धरून चाललेय. तुम्हाला वेगळं कसं सांगू?"

नंतर आमच्या घरात त्यांचं नाव निघेना. आई उठली, कामाला लागली. पण तिच्या मनातून ते गेलं नव्हतं. पुढच्या पितृपंधरवड्यात तिने आमच्या भटजींना विचारलं, बाळाच्या नावाने काही करता येईल का. भटजी म्हणाले, "दात न आलेल्या पोराचं काही करत नसतात, बाई. त्याला ना श्राद्ध ना तर्पण." आईने पुन्हा विचारलं, "मग तो असतो कुठे?" भटजी हसले. "कुठे असणार! आला तसा गेला." त्या दिवशी स्वयंपाक आवरल्यावर तिने चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल, मार्थाबाईंकडे जाऊ." मला आता वाटतं की तिला दुसरीकडे जायला जागाच उरली नव्हती. आमच्या शास्त्रात तो नव्हता. तो होता तो फक्त त्या एका बाईच्या स्वर्गात, आणि त्याची बातमी तिच्याकडेच मिळणार होती.

पुढे कित्येक वर्षं हे चाललं. अण्णांना माहीत होतं, ते काही बोलले नाहीत. मार्थाबाईंची हिमायतनगरातली माडीवरची खोली, एक खाट, एक स्टूल, भिंतीवर मरियेची तसबीर. आई स्टुलावर बसून विचारायची, तो आता काय करत असेल. मार्थाबाईंना जेवढं सिस्टरांनी शिकवलं होतं तेवढंच त्या सांगत. देवाकडे पाहतो. गातो. भूक लागत नाही, ऊन लागत नाही. एकदा आईने विचारलं, "तो तिथे मोठा होतो का?" मार्थाबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फादरांना विचारलं आणि पुढच्या वेळी सांगितलं, "शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा तान्ही मुलंसुद्धा भर वयाची होऊन उठतील. धडधाकट, सुंदर."

आई म्हणाली, "म्हणजे पुढेमागे कुठे दिसला तरी मी ओळखणार नाही."

मार्थाबाईंनी याही वेळी काही जोडून सांगितलं नाही. मी तेव्हा कॉलेजात जात होते. घरी येताना मी आईला म्हणाले, ही बाई दुष्ट आहे. आई म्हणाली, "नाही गं. ती माझ्याशी त्याच्याबद्दल बोलते तरी. तुम्ही कोणी बोलता का?"

हैदराबाद राज्याचे तुकडे होऊन मराठी माणसं बदल्या घेऊन औरंगाबादेकडे जायला लागली, त्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेच्या पलीकडची. मार्थाबाई रोज यायच्या. त्यांनी आईचं अंग पुसलं, जखमा धुतल्या, जे करताना मला बाहेर जाऊन ओकावं लागायचं तेही केलं. एका दुपारी अण्णा कोर्टात गेले असताना आई म्हणाली, "मार्थाबाई, माझ्यावर पाणी घाला. त्याच्यावर घातलंत तसं."

मार्थाबाई उभ्या राहिल्या. पेल्यात पाणी घेतलं. "वहिनी, तो तान्हा होता, त्याला काही विचारायचं नव्हतं. मोठ्या माणसाला विचारावं लागतं."

"विचारा."

"येशू देवाचा पुत्र, तो आपल्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, हे मानता?"

"तुम्ही म्हणता तर असेल."

"मी म्हणते म्हणून नाही."

"मानते."

"आणि बाकीचे देव सोडता?"

खाटेवरून समोरच्या कोनाड्यातली तुळजाभवानी दिसायची. आईने तिकडे पाहिलं. पाहतच राहिली... "हिला कशी सोडू?" ती म्हणाली. "तो हिच्याकडेच मागितला होता."

"एकदा म्हणा, वहिनी. नुसतं 'सोडते' म्हणा." मार्थाबाईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्या विनवत होत्या.

"मनात नसताना म्हणू?"

"आई, म्हण ना गं," मी म्हणाले. मग मार्थाबाईंकडे वळले. "तुम्ही घाला पाणी. कोण बघतंय इथे?"

"ज्याने बघायचं तो बघतोय," मार्थाबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि दोघींतली एक जरी थोडं खोटं बोलली असती तरी काम झालं असतं. शेवटी आई म्हणाली, "मग ते पाणी प्यायला तरी द्या. घसा कोरडा पडलाय." मार्थाबाईंनी तिचं डोकं हातावर घेतलं आणि घोट घोट पाणी पाजलं. आई त्याच आठवड्यात गेली. तिला नेलं तेव्हा मार्थाबाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी क्रूसाची खूण केली नाही. नुसते हात जोडले.

त्यानंतर वर्षभरात मार्थाबाईच अंथरुणाला खिळल्या. निरोप आला म्हणून मी दवाखान्यात गेले. वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवर त्या होत्या, एवढी मोठी बाई, पण पांघरुणाखाली काही उरलं नव्हतं. फादर येऊन मरणाऱ्याला लावायचं शेवटचं तेल लावून गेले होते. मरणाला ही बाई हसत सामोरी जाईल असं मला नेहमी वाटायचं. त्यांचे डोळे मात्र भेदरलेले होते.

"कुमुद, मी आता जाणार. मला भीती मरणाची नाही."

"मग कशाची?"

"तो भेटेल ना तिथे. योसेफ. मीच त्याला पाठवला, मला ओळखेल तो." श्वास लागून त्या थांबल्या. "तो विचारेल, माझी आई कुठंय. काय सांगू मी त्याला?"

त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. एक शब्द हवा होता त्यांना माझ्याकडून. मी म्हणाले, "खरं सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

हे बोलले ते परत घ्यावंसं मला आजही वाटत नाही.

"हौ," त्या म्हणाल्या, "खरंच सांगावं लागेल." आणि हात सोडला.

दफनाला माणसं पुष्कळ होती. हिंदू, मुसलमान, लेकुरवाळ्या बायका. फादर म्हणाले, या भगिनीने जी अनेक बालकं आपल्या आधी स्वर्गात पाठवली, ती आज दारात तिच्या स्वागताला उभी असतील. लोक रडत होते. मी माती टाकली आणि निघाले.

मागच्या आठवड्यात शाळेतून परतताना मी हिमायतनगरातून, त्यांच्या घरावरून आले. खाली राहणाऱ्या बीबी दारात डाळ निवडत होत्या, म्हणून दोन शब्द बोलायला थांबले. तेवढ्यात एक तरुण सायकल टाकून धावत आला. घामाने भिजलेला. "मार्थाअम्मा हैं क्या? मेरी घरवाली को दर्द शुरू हो गया!"

बीबींनी सूप खाली ठेवलं. "अम्मा तो ऊपर चले गए, बाबा," त्या हळूच म्हणाल्या.

"अच्छा," म्हणून तो जिन्याकडे धावला. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. मग दार ठोठावल्याचा आवाज येऊ लागला. "अम्मा! अम्मा, जल्दी चलो!" बीबींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तो थांबून कानोसा घ्यायचा आणि पुन्हा ठोठावायचा. कोणीतरी त्याला खरं सांगायला हवं होतं. मी पिशवी बीबींजवळ ठेवली आणि जिना चढायला लागले.