सांजेनंतरचं पाणी

गोदाबाईला पोटभर झोप म्हणजे काय ते माहेरी ठाऊक होतं. सासरी आल्यावर झोप भेटली ती चोरूनमारून. कधी जात्याचा खुंटा धरल्या धरल्या, कधी चुलीपुढं फुंकणी हातात असताना. आधी लेकरांनी जागवलं, मग सासूच्या दम्यानं. लेकी अंजनगावाकडं दिल्या, सासू गेली, आता तरी पाठ टेकेल असं वाटतं न वाटतं तोच सासऱ्यांनी अंथरूण धरलं. पुंजाराम एकेकाळी पाण्यानं भरलेली मोट एकट्यानं ओढून घेणारा गडी, पण आता बाजेवरून पाय खाली सोडायचा तर आधार लागे. रात्रीतून किती तरी वेळा ते हाक मारत. उठायचं, त्यांना बसतं करायचं, मडकं धरायचं, परत निजवायचं. हाक ऐकू आली नाही तर सकाळी गोधडी नदीवर न्यायची. गोदाबाईनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण तोंड सरळ ठेवलं म्हणून थकवा जातो असं थोडंच आहे?

त्यात कापसाचं वेड आलं. साता समुद्रांपलीकडं भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचे दिवस आले. लढाई कशावरून, त्यात मेलं कोण, हे गावात कोणी विचारलं नाही. भाव तेवढा विचारला. गोदाबाईचा नवरा भगवंत तसा शहाणा माणूस; पण त्या सालात शहाणी माणसंच आधी वेडी झाली. भाव अजून चढेल म्हणून त्यानं वेचलेला सगळा कापूस घरात रचला. धाब्याचं लहानसं घर. माजघर छतापर्यंत भरलं, उरलेला कापूस ओसरीवर बांबूच्या तट्ट्याआड आला. माणसं सरकत सरकत कडेला लागली. सासऱ्यांची बाज ओसरीच्या कोपऱ्यात आणि गोदाबाईचं अंथरूण चुलीपाशी. घर कापसाचं, आपण त्याच्याकडं आलेले पाहुणे, असं ती म्हणायची.

कापूस आला की चोर आलेच. घरचा म्हातारा कुत्रा दिवाळीत मेला होता, म्हणून भगवंतानं अमरावतीच्या वाटेवर लमाणांच्या तांड्यातून एक पिल्लू आणलं. लमाणांची कुत्री राखणीला नावाजलेली. या पिल्लाला मात्र अजून आपली शेपूटही राखता येत नव्हती. रात्री अंगणात ठेवावं तर तडस उचलून नेईल, म्हणून त्याला सासऱ्यांच्या बाजेच्या खुराला बांधलं. ते दोरी कुरतडायचं, तट्ट्याखालून आत शिरायचं, सगळ्यांत मऊ जागा धरून कापसात गुरफटून निजायचं आणि निजल्या जागीच मुतायचं.

एरवी कोणी हसलंही असतं. पण वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लबाड त्या दिवसांत गावोगाव निपजले होते. व्यापाऱ्याचा माणूस यायचा तो गंजीत कोपरापर्यंत हात खुपसायचा. ओल लागली की चारचौघांत बोभाटा. भगवंत अमरावतीला निघाला तेव्हा बजावून गेला, की मी व्यापाऱ्याचा माणूस घेऊनच येतो, तोवर कापूस कोरडा राहिला पाहिजे. कुत्रं मुतलं म्हणून सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, आणि घराचं नाव जाईल ते जाईलच. असं म्हणून तो गाडी जुंपून गेला. घराचं नाव राखायचं काम राहिलं गोदाबाईकडं.

तिनं नेम धरला. गाय दुहेपर्यंत पिल्लानं हवं तेवढं पाणी प्यावं. सांज झाली की पाण्याचं परळ उचलून चुलीमागं ठेवायचं. निजण्याआधी पिल्लाला उकिरड्यापर्यंत फिरवून आणायचं, मग मध्यरात्री एकदा, मग कोंबडं आरवल्यावर. म्हणजे सासऱ्यांच्या हाकांमधून जी काही झोप उरली होती ती पिल्लानं घेतली. आणि पिल्लू तरी गप्प बसतं का? परळ ठेवायची जागा ते चाटत राही, आणि कुणकुण करी.

एका सांजेला गोदाबाईचा धीर सुटला. दिवसभर ऊन मी म्हणत होतं, पाठ मोडून आली होती, आणि परळ उचलताना पिल्लू लुगड्याला लोंबकळलं. ती ओसरीवर उभी राहून त्याला म्हणाली, “रात्री पेते त्याले रात्री उठा लागते. अन् त्याच्यापायी दुसऱ्याले. एक रात नाई पेलं तं काय मरतं का तू?” एवढं बोलून ती भाकरी थापायला आत गेली आणि बोललेलं विसरूनही गेली.

त्यानंतर एक नवल झालं. सासऱ्यांच्या हाका कमी झाल्या. मग थांबल्याच. गोधडी कोरडी. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या रोज सकाळी रिकामा असे, म्हणजे पाणीही पोटात जात होतं. तरी म्हातारा रात्रभर सुखानं निजलेला. गोदाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. देवाला आपली कीव आली असं ती समजली.

पिल्लाच्या बाबतीत मात्र देव झोपला होता. पाणी तोडूनही कापसात रोज ओला डाग. गाईच्या डोणीत तोंड घालतं की काय म्हणून तिनं सांजेलाच गोठ्याचं दार ओढून घेतलं, न्हाणीतली घागर पालथी घातली. डाग होताच. ओला कापूस वेचून धाब्यावर वाळत घालायचा आणि उद्याच्या डागाची वाट पाहायची, असे दिवस चालले.

मग सासऱ्यांना उन्हाळी लागली. मडकं धरलं की ते दात-ओठ खात, थेंबाथेंबाला कण्हत. ओठांना भेगा पडल्या होत्या. मळ्यातली कौशल्या माळीण वांगी घेऊन आली होती, तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हातारा पाणी पीत नाही असं सरळ सांगितलं. गोदाबाईला राग आला. तांब्या रोज रिकामा होतो, मीच भरते, मीच उचलते, असं तिनं सुनावलं. कौशल्या वाद घालणारी नव्हती. तिनं कनवटीचं सब्जाचं बी काढून दिलं आणि सांजेच्या पाण्यात भिजवून द्यायला सांगितलं. गोदाबाईनं त्याच सांजेला तांब्यात बी टाकलं आणि तो उशाशी ठेवला.

सकाळी ती पिल्लाला बाहेर न्यायला आली. पिल्लू कापसातून निघालं, आळस देत तिच्यापुढं बसलं, आणि तिनं पाहिलं तर त्याच्या मिशांना सब्जा लागलेला. फुगलेलं, बुळबुळीत बी, बेडकाच्या अंड्यांसारखं. तांब्याचं तोंड अरुंद. पिल्लाचं डोकं त्यात जाणं शक्य नव्हतं. तिनं बाजेकडं पाहिलं. सासऱ्यांचा एक हात खाली लोंबत होता, आणि त्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांतही तेच बी वाळून चिकटलेलं होतं.

गोदाबाई तिथंच उभी राहिली. सासरे जागे झाले तसा तिनं पदर पुढं ओढला आणि विचारलं, “मामाजी, पानी कावून नाई पेत तुमी?”

पितो की, असं ते आधी म्हणाले. मग त्यांची नजर पिल्लाच्या मिशांवर गेली.

“तू म्हनलं ना बाई, रात्री पेते त्याले रात्री उठा लागते. त्यात खोटं काय हाय? भरला तांब्या दिसला असता तं तू मले पाजलंच असतं. म्हनून याले देत होतो ओंजळीनं.”

“मी कुत्र्याले म्हनलं जी.”

“तुही सासूबी लेकीलेच बोले,” पुंजाराम म्हणाले. त्यात रागाचा लवलेश नव्हता.

लेकी बोले सुने लागे हे बाकीच्यांना म्हण म्हणून ठाऊक. या घरात तो कारभार होता. सासू गोदाबाईला तोंडावर कधी बोलली नाही. भाकरी करपली तर लेकीला बोलायची, उठायला उशीर झाला तर लेकीला बोलायची, आणि गोदाबाईनं ते बरोबर आपल्या पदरात घ्यायचं. ओसरीवर बसून पुंजारामांनी ते सारं आयुष्यभर ऐकलं होतं. तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. आता सून पिल्लाला बोलली, तर ते आपल्यालाच, आणि आपण ते ऐकून घ्यायलाच हवं, असं त्यांनी धरलं. तहान गिळली, वर तक्रार नको म्हणून तांब्याही रिकामा करून ठेवला.

गोदाबाई बाजेच्या कडेला जमिनीवर बसली आणि रडली. मेलेल्या सासूवर चिडून रडली, कापसावर चिडून रडली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. कारण गोधडी कोरडी निघाली तेव्हा ती सुखावली होती. मग नाक पुसून उठली, ताजं पाणी आणलं, सासऱ्यांच्या पाठीला हात देऊन तांब्या ओठांना लावला आणि तळ दिसेपर्यंत काढला नाही.

त्याच दुपारी भगवंत व्यापाऱ्याच्या माणसाला घेऊन आला. वाळवायला वेळच मिळाला नव्हता. त्या माणसानं ओसरीवरच्या गंजीत हात घातला तो नेमका ओल्या जागी. त्यानं भगवंताकडं पाहिलं. भगवंताचा चेहरा उतरला. पाणी मारलंत का, असं तो माणूस विचारणार एवढ्यात दाराआडून गोदाबाईचा आवाज आला. परक्या पुरुषासमोर ती आजवर बोलली नव्हती.

“पानी नाई, कुत्र्याचं मूत हाय. वास घेऊन पाहा.”

त्या माणसानं मूठ नाकाशी नेली आणि घाईनं दूर केली. कोणीच खोटं मानणार नाही असा तो वास होता. तो हसला, भगवंत हसला, हात धुवायला पाणी मागितलं गेलं. डागाचा कापूस उपसून बाजूला टाकला आणि बाकीचा दोन-चार दिवसांत गाड्यांनी अमरावतीला गेला. घर पुन्हा माणसांचं झालं. भगवंतानं बायकोला अंथरूण माजघरात टाक म्हणून सांगितलं. तिनं ते ओसरीवर टाकलं, बाजेला लागून, आणि पिल्लाची दोरी आपल्या मनगटाला बांधली.

पण पुंजाराम सांजेचं पाणी निम्मंच प्यायचे. पुरे म्हणायचे, तहान नाही म्हणायचे. एकदा मनात बसलेलं असं सहजी निघत नसतं. गोदाबाई समजूत घालत बसली नाही. तांब्या घेऊन शेजारी उभी राही, ते पिईपर्यंत हलत नसे.

एका रात्री तिनं त्यांना बसतं केलं, मडकं धरलं, परत निजवलं. गोधडी पायांवर ओढत असताना ते हळूच म्हणाले, “झोपमोड केली बाई तुही.”

“नाई जी मामाजी,” गोदाबाई म्हणाली, “मी जागीच होती.”

ती इतकी गाढ झोपली होती की म्हाताऱ्याला तिचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा हाक मारावी लागली होती.