पंच हा मैदानाचा भाग नव्हे

फुटबॉल या खेळात मी आजवर एकच गोल केला असून तो मी स्वतःच रद्द ठरवला आहे. सदर निर्णयाविरुद्ध आमच्या घरात अद्याप अपील सुरू आहे.

या हिंदी मुलखातल्या आमच्या वसाहतीच्या मैदानावर दर हिवाळ्यात शाळकरी मुलामुलींची फुटबॉल स्पर्धा भरते. माझी नात सई ही वसाहतीच्या संघाची कर्णधार. विजेत्या कर्णधाराच्या घरी पितळी ढाल वर्षभर मुक्कामाला असते, अशी प्रथा आहे. (लेखी नियम नाही! मी विचारणा केली होती. उत्तर आलेले नाही.) यंदा संघ इतका जोरात होता की, अंतिम सामन्याच्या आधीच आमच्या सौभाग्यवतींनी शोकेसमधले माझे निवृत्तीचे घड्याळ उचलून फ्रिजवर हलवले.

"सामना व्हायच्या आधीच?" मी हरकत नोंदवली.

"ते घड्याळ तसंही बंदच आहे. पोट्टी जिंकूनच राहिली आहे. तुमी फक्त मधात येऊ नका."

या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा योग्य ते लक्ष दिले नाही.

मधे मी आलो तो केवळ कायद्याच्या आग्रहापायी. रेल्वेच्या दावे विभागात माझी हयात गेली. गहाळ झालेल्या तुपाच्या डब्यालाही मी न्याय मिळवून दिला आहे. असा मनुष्य डोळ्यांसमोर अन्याय होत असता शेंगदाणे खात बसेल काय? साखळीतल्या एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांनी मारलेला चेंडू पंचाच्या पोटरीवर आपटून आमच्या गोलात गेला आणि तो गोल चक्क धरण्यात आला! "पंच तो मैदान का हिस्सा है," असे पंच महाशय म्हणाले. जणू महाशय म्हणजे गवत!

त्याच रात्री मी स्पर्धा समितीला पत्र लिहिले. चेंडू पंचाला लागून थेट गोलात गेल्यास तो गोल धरला जात नाही, खेळ थांबवून चेंडू पुन्हा टाकला जातो, हा सुधारित नियम क्रमांक नऊ मी पुस्तकाच्या प्रतीसह निदर्शनास आणून दिला. त्याच लिफाफ्यात दुसरेही पत्र होते: खेळ सुरू असताना मैदानात ठाण मांडून बसणारी गाय, पाण्याचा टँकर आणि खुद्द समितीच्या सचिवांची स्कूटर हे अडथळे तातडीने हटवावेत.

सचिव म्हणजे साहूजी. गोल बाजारात त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. ते घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अंकल, नियम नौ मंज़ूर. आगे से वैसा गोल नहीं माना जाएगा."

"आणि अडथळे?"

"गाय तो अपने आप उठ जाती है, अंकल." स्कूटरची किल्ली त्यांनी हळूच खिशात सरकवली. "मगर अब एक दिक्कत है. आपकी चिट्ठी पढ़कर अपना रेफ्री भाग गया. बोला, जिसने किताब पढ़ी है वही सीटी बजाए."

सईची संघातली उपस्थिती पाहता माझी नेमणूक म्हणजे हितसंबंधांचा उघड संघर्ष आहे, हे मी त्यांना सविस्तर समजावून सांगितले.

"हव, हव," मान डोलावत साहूजी म्हणाले आणि शिटी माझ्या तळहातावर ठेवून निघून गेले.

सईने ही बातमी ऐकताच डोक्याला हात लावला. "आबा, प्लीज़! मेरे फ्रेंड्स के सामने शुद्ध मराठी मत बोलना."

मी निःपक्षपाती राहण्याचा निर्धार केला आणि त्याची सुरुवात अर्थातच स्वतःच्या नातीपासून केली. उपान्त्य सामन्यात फ्री किकच्या वेळी ती चेंडूपासून पुरेशी दूर सरकली नाही, म्हणून मी तिला पिवळे कार्ड दाखवले आणि "कुमारी सई, ही ताकीद समजावी" असे खड्या आवाजात बजावले. प्रेक्षकांतून सौभाग्यवतींचा त्याहून खडा आवाज आला, "घरी या, मंग तुमाले दाखवतो कार्ड!" (पंचाला धमकावणे हा गुन्हा आहे. रात्रीच्या जेवणाचा विचार करून मी तो नोंदवला नाही.) तरीही आमचा संघ जिंकला.

अंतिम सामना भनपुरीच्या संघाशी होता. मी पांढरी विजार, पांढरा सदरा आणि पांढरे बूट घालून सज्ज झालो. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काजळी आमच्या मैदानावर सदैव पसरलेली असते, त्यामुळे पांढरे कपडे घालू नका, असे घरातून सुचवण्यात आले होते. पण पंचाचा पोशाख निष्कलंक असावा, असे माझे मत होते.

पूर्वार्धात मी चेंडूमागे धावलो. म्हणजे चेंडू जिथून निघून गेलेला असे, त्या प्रत्येक ठिकाणी मी कालांतराने पोहोचलो. उत्तरार्धात गुडघ्यांनी असहकार पुकारला. तेव्हा मी असा विचार केला की, चेंडू शेवटी कोणत्या तरी एका गोलाकडे येणारच. मग मनुष्याने एका गोलासमोर उभे राहून त्याची वाट पाहण्यात गैर ते काय? मी भनपुरीच्या गोलासमोर उभा राहिलो. सईने आगळीक केलीच, तर ती याच टोकाला करणार होती!

"आबा, थोड़ा साइड!" सई दोनदा ओरडली. खेळाडूने पंचाला सूचना देणे नियमबाह्य असल्याने मी जागचा हललो नाही.

बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. भनपुरीच्या गोलरक्षकाचे बूट नियमाप्रमाणे बांधलेले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी मी गोलाकडे तोंड करून किंचित वाकलो. नेमक्या त्याच क्षणी सईने जोरदार फटका मारला. चेंडू माझ्या देहाच्या त्या भागावर आदळला, ज्याचा उल्लेख कोणत्याही नियमपुस्तकात नाही, आणि दिशा बदलून कोपऱ्यातून थेट जाळ्यात गेला.

मैदान दणाणले! साहूजी स्कूटरवर उभे राहून टाळ्या पिटू लागले. सौभाग्यवतींनी शेजारणीला मिठी मारली. सई दोन्ही हात पसरून माझ्याच दिशेने धावत आली. भनपुरीच्या मुलांनी तर माना खाली घालून पराभव मान्यही केला होता. एकाही माणसाची हरकत नव्हती. नियम क्रमांक नऊ त्या संपूर्ण मैदानावर फक्त एका इसमाला आठवत होता आणि तो इसम पाठ चोळत उभा होता.

मी शिटी वाजवली.

"गोल रद्द! चेंडू पंचाला लागलेला आहे."

"गोल नहीं है, अंकल?" भनपुरीच्या गोलरक्षकाने आश्चर्याने विचारले. "हम तो मान गए थे!"

"तुमच्या मान्यतेचा प्रश्नच उद्भवत नाही," मी म्हणालो आणि नियमानुसार चेंडू त्याच्या पुढ्यात टाकला.

त्याने तो असा काही भिरकावला की, आमची मुले अजून हातवारे करत असतानाच चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचला आणि तिकडे मोठा जल्लोष झाला. काय घडले, ते मला या टोकावरून दिसणे शक्यच नव्हते. मी यथाशक्ती धावत तिथे पोहोचलो. चेंडू जाळ्यात होता, आमचा गोलरक्षक रडत होता. परिस्थितिजन्य पुरावा भक्कम असल्याने मी भनपुरीला गोल दिला आणि सामना संपल्याची शिटी वाजवली.

ढाल भनपुरीला गेली.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी माझी विजार उजेडात धरली. पांढऱ्याशुभ्र कापडावर, बरोबर मागच्या बाजूला, काजळीचा चेंडूएवढा वाटोळा ठसा उमटलेला होता.

"हे धुवाचं आहे की पुरावा म्हणून फायलीत लावाचं आहे?"

"निर्णय कायदेशीर होता."

"मी काहून मना केलं होतं मधात यायले?"

जेवताना सईने मान वर केली. "आबा, रूल सच में ऐसा ही है?"

"अक्षरशः तसाच आहे. पुस्तक आणू का?"

"नको." (ती मराठीत बोलली, यावरून मला प्रकरणाचे गांभीर्य कळले.) "रूल ठीक आहे. पर आप वहाँ खड़े काहून थे?"

पुस्तकात सतरा नियम आहेत. मी ते सर्व पुन्हा चाळले. या प्रश्नाचे उत्तर एकातही नाही.

शोकेसमधली जागा काही दिवस रिकामी राहिली. मग सौभाग्यवतींनी तिथे माझी शिटी ठेवली, काचेला कुलूप लावले आणि किल्ली सईकडे दिली. मी समितीला खुलाशाचे पत्र लिहायला बसणार, तोच साहूजी दारात हजर झाले.

"अंकल, बधाई हो! आपकी दूसरी चिट्ठी भी मंज़ूर हो गई."

"अडथळे हटवण्याची?" माझा माझ्याच कानांवर विश्वास बसेना.

"हव. कमेटी ने एकमत से तय किया है. अगले साल से मैच के टाइम मैदान में कोई अडथळा नहीं रहेगा." त्यांनी हात जोडले. "आप बाहर बैठिएगा, अंकल. कुर्सी हम दे देंगे."

इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात माझी एखादी मागणी एवढ्या तत्परतेने मान्य होण्याची ही पहिलीच वेळ. खुर्ची मिळाली आहे आणि ती बरीच आरामशीर आहे. गाय अद्याप मैदानातच बसते.