पिंजरा, पाहुणा आणि नळाचा दिवस

कुठल्याही लॅबमध्ये पाच वर्षं काढा, हाती पेपर किती लागतील सांगता येत नाही, पण किस्से मात्र पोत्यानं साठतात. आमच्या जळगावच्या लॅबमध्ये तर बाटल्यांपेक्षा किश्शांनाच जास्त लेबलं होती. "तो हळदीचा", "तो खानावळीचा" एवढं म्हटलं की सगळे हसायला मोकळे!

काम काय ते आधी सांगतो. पाण्यात क्षार विरघळले की त्यांचे भार असलेले कण होतात. त्यातले ऋण भाराचे, म्हणजे फ्लोराइड, नायट्रेट वगैरे, नेमके पकडून ठेवतील असे पिंजऱ्यासारखे रेणू आम्ही बनवायचो. रेणूला म्हणायचं यजमान, आत येऊन बसतो तो पाहुणा. लॅबमध्ये आम्ही चौघं: सर, फैजपूरची वैशाली, दोंडाईचाचा मी, आणि भांडी-बाटल्या सांभाळणारे धरणगावकडचे भिका आबा.

*

पहिल्या दिवाळीला घरी गेलो, तर आमच्या नानांनी, म्हणजे आजोबांनी, विचारलं, "काय करस रे तू तठे?"

"पाण्यातला नायट्रेट पकडायला पिंजरा बनवतो, नाना."

"मंग त्यामा भाकर काय ठेवस?"

"भाकर कशाला? तो आपोआप येतो."

"उंदीर बी फुकट येस नही, भाऊ!"

परत आल्यावर सरांना हसत हसत सांगितलं. सर हसले नाहीत. माझा पिंजरा तेव्हा काहीच पकडत नव्हता, आणि पाहुण्याला ओढून घेणारे त्यातले हायड्रोजन चक्क बाहेर तोंड करून बसले होते! सरांनी फळ्यावर लिहिलं, 'भाकर आतून.' वर्षभर ते कुणी पुसलं नाही.

*

मग मी भाकर आतून ठेवली, आणि जरा जास्तच ठेवली. रेणू क्लोराइड धरायचा, फ्लोराइड धरायचा, सल्फेटलाही नाही म्हणायचा नाही. आलेखांचा गठ्ठा घेऊन मी ऐटीत सरांकडे गेलो. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे, हा यजमान नाही. ही खानावळ आहे!"

*

बहिणीची हळद, लग्न सगळं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी थेट लॅबला. फ्लोराइड टाकलं मात्र, पिवळसर द्रावण लालभडक! मी ओरडलो, वैशाली धावत आली, आबा खाली जाऊन पेढे घेऊन आले. सर आले आणि द्रावण सोडून माझ्या पिवळ्याधमक बोटांकडे बघत राहिले. फ्लोराइडनं हळदसुद्धा लाल होते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

"लग्न बहिणीचं," सर म्हणाले, "आणि नटून बसला तुझा फ्लास्क!"

पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

*

वैशालीचा किस्सा एवढा हसरा नव्हता. तिचा पिंजरा नायट्रेटसाठी, आणि तोही पाण्यात काम करणारा. माझं सगळं अ‍ॅसिटोनसारख्या सॉल्व्हंटमध्ये चालायचं, पाणी वापरणारी ती एकटीच. केळीच्या बागांना घातलेलं खत विहिरीत उतरतं, हे ती फैजपूरला लहानपणापासून ऐकत आलेली. विषय तिनं हट्टानं घेतला होता.

आणि दोन वर्षं रेणू ढिम्म! कितीही नायट्रेट टाका, आलेख आपला आडवा. पीएचडीची मुदतवाढ शेवटची मिळालेली, त्यातले तीन महिने उरलेले. त्यानंतर नोंदणी रद्द आणि पाच वर्षं वाया. तिनं डबा आणणंसुद्धा सोडलं होतं. मला तिची थट्टा करायची हिंमत होईना, आणि गप्प बसणंही जमेना.

शेवटी तिनं नायट्रेट अजिबात न घालता नुसत्या रेणूचे स्फटिक डिस्टिल्ड पाण्यात वाढवले आणि एक्स-रेनं रचना काढायला पुण्याला पाठवले. रिकामा पिंजरा कसा दिसतो, एवढं तरी कळेल म्हणून.

चित्र आलं. रिकाम्या पिंजऱ्यात नायट्रेट ऐसपैस बसलेला!

"कुणी घातला?" सर गरजले. आम्ही दोघांनी शपथा घेतल्या. तेवढ्यात बाहेर नळाला पाणी आलं.

जळगावकराला सांगायला नको, नळ आला की आधी भांडी भरायची, बाकी जग नंतर. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी तीन दिवसांनी यायचं. आबा पाइप घेऊन निघाले. बादल्या भरल्या, पिंप भरलं, माठ भरला. मग त्यांनी वैशालीच्या टेबलावरची 'डिस्टिल्ड' लिहिलेली रिकामी बाटली उचलली आणि आमच्या डोळ्यांदेखत काठोकाठ भरली!

"आबा!"

"काय व्हयनं? रिकामी बाटली दिखनी का भरी देस मी. नळ काय रोज येस?"

म्हणजे पिंजरा उपाशी नव्हताच. बोअरच्या पाण्यातला नायट्रेट पठ्ठ्या दोन वर्षं जेवूनच बसला होता!

वैशाली स्टुलावर बसली, रडली, मग हसली. आबांचा चेहरा पार उतरला. "ताई, मी तुनं वाटोळं करं का?"

"आबा, तुमचा डबा कुठे आहे?" ती म्हणाली. "मला भूक लागलीये."

रेणू धुऊन स्वच्छ केला, पाणी खरोखरचं डिस्टिल्ड घेतलं. नायट्रेट टाकताच आलेख उठून उभा राहिला. मी जिन्यात जाऊन बसलो आणि पोटभर श्वास घेतला. पदवी तिची होती, पण सुटल्यासारखं मला वाटत होतं.

*

तिच्या खुल्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक फार कडक. प्रबंधात या प्रकरणावर एकच ओळ होती: 'सुरुवातीच्या प्रयोगांत भांड्यांतून नायट्रेट आला.' त्यांनी ती वाचली, पान उलटलं आणि म्हणाले, "डिस्टिल्ड पाण्यात कुणीही पकडेल हो. जमिनीतल्या खऱ्या पाण्यात सतरा क्षार असतात. त्या गर्दीतून तुमचा रेणू नायट्रेटच उचलतो का? तपासलंय कधी?"

वैशालीनं सरांकडे बघितलं. सरांनी छताकडे बघितलं. तिची पाच वर्षं त्या एका प्रश्नावर अडलेली.

दारात आबा चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"तपासलं ना, साहेब!" ते म्हणाले. "दोन वर्षं तपासलं! एक नळ चुकू दिला नाही!"