वरची मंडळी

फाटकाशी आले की काका मान वर करून विचारायचे, "काय, वरची मंडळी उठली का?"

शिकायला म्हणून त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्या दिवशी मीही वर पाहिलं. पांढऱ्याशुभ्र घराच्या पहिल्या मजल्यावर दोन खिडक्या. उजवी माझ्या खोलीची. डावीकडची खोली मात्र आत कुठे सापडेना. विचारायला मला आठवडा लागला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कुठेही गेले तरी आपलंच काही चुकतंय असं वाटायचं.

काका खूश झाले. "अगं, तिथे आत धुराड्याची भिंत आहे! पण उजवीकडे खिडकी, म्हणजे डावीकडे हवीच. सिमेट्री! म्हणून गिलाव्यात चौकट काढली आणि काचा काळ्या रंगानं रंगवल्या. हे दगडसुद्धा दगड नाहीत, विटांवरच्या गिलाव्यात ओढलेल्या रेघा आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा थाट, सगळा रस्त्यासाठी."

इंग्लंडातल्या मेडनहेडच्या त्या घरात आम्ही दोघंच. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. एडिनबराहून मुलीचा रोज फोन यायचा.

"बाबा, तू एकटा आहेस का?"

"एकटा कुठला? ही पोरगी आहे. शिवाय वरची मंडळी आहेत."

ती हसायची. खोट्या खिडकीमागच्या त्या मंडळींची नावं लहानपणी तिनंच ठेवली होती. तिला काकांना आपल्याकडे न्यायचं होतं, काकांना घर सोडायचं नव्हतं. मी होते तोवर तो विषय टळत होता.

मग माझा कोर्स संपला, लंडनमध्ये हाउन्सलोला नोकरी लागली आणि मी तिकडे राहायला गेले.

हिवाळ्यात भेटायला गेले, तर डावी खिडकी पिवळी! काकांनी स्वतः रंगवली होती.

"या वयात शिडीवर चढलात?"

"मग काय, मंडळींना अंधारात ठेवू?" मग वर बघत म्हणाले, "लांबून दिवा लावल्यासारखं दिसतं ना?"

"हो," म्हटलं.

ख्रिसमसला मुलगी आली. फाटकाशीच बराच वेळ उभी राहिली म्हणे. "या वेळी हसली नाही गं ती," काका मला फोनवर एवढंच म्हणाले. तिनं त्यांची बॅग भरायला घेतली, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही.

परवा मेडनहेडला गेले होते, पाय आपोआप तिकडे वळले. संध्याकाळ होत होती. फाटकाला विक्रीची पाटी. माझ्या खिडकीत अंधार, खालीही अंधार. तुम्ही माझ्या शेजारी असतात, तर तुम्हीही वरच पाहिलं असतं. रस्त्यावरचा दिवा लागला, डावी पिवळी खिडकी उजळली, आणि घरात कोणीतरी आहे असं वाटलं.