तळ्याकाठी दम वाढवताना

सावली गावच्या तळ्याकाठी रोज सकाळी वनरक्षक भरतीचा सराव चालतो. मी निवृत्त पी.टी. शिक्षक, हातात स्टॉपवॉच, तोंडात लेक्चर! पोरं-पोरी धावतात तासभर, पण त्या तासात जे घडतं ते सांगायला आठवडा पुरत नाही. लिहून ठेवू म्हणतो, आणि चहाच्या टपरीवर सांगून मोकळा होतो.

सुरुवात प्रकाशपासून करू. त्यानं कुठंतरी वाचलं की धावायला ग्लुकोज लागतं. पठ्ठ्यानं अख्खं पाकीट बाटलीत ढवळलं आणि धावायच्या आधी घटाघटा पिऊन टाकलं. दुसऱ्याच फेरीत बांधावर बसून ओकला!

"सर, टाकी फुल्ल केली होती, तं गाडी काऊन बंद पडली?"

मी समजावलं, बाबा रे, धावायला लागणारी साखर कालच्या जेवणातून स्नायूंत आणि यकृतात आधीच साठलेली असते. ऐनवेळी ओतलेली पोटात नुसती डुचमळते.

"म्हणजे मायच्या भातानंच काम झालं असतं?"

झालं असतं की!

हाच प्रकाश मग बहिणीच्या लग्नाला गडचांदूरला गेला आणि तीन आठवडे तिकडंच रमला. परत आला तर एका फेरीत धापा टाकायला लागला. शरीराचं असंच असतं. मागणी असेल तोवर ते स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढवतं, मागणी थांबली की आवराआवर करतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "सर, दम पाहुण्याकडंच राह्यला!"

वनिताची गोष्ट वेगळी. जंगलालगतच्या गावातून सायकलनं येणारी, दोन लेकरांची आई. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटची भरती. त्यात सासऱ्यांनी बजावलेलं, यंदा नाही झालं तर मैदान कायमचं बंद. त्यामुळं ती जीव तोडून धावायची, आणि दिवसेंदिवस मंदावत चालली होती.

मी म्हटलं, "वनिताबाई, शरीर धावताना झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. रविवारी पूर्ण आराम."

सोमवारी पाहतो तर पाय उचलेनात!

"आराम केला ना, सर! एक पाऊल धावली नाई. दिवसभर रोवण्याले गेली होती."

दिवसभर चिखलात वाकून धानाची लावणी, आणि हा म्हणे आराम! मला हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. तिच्या आठवड्यात माझा आराम बसणार कुठं, हे मी विचारलंच नव्हतं. रोवणी संपेपर्यंत तिचं धावणं निम्मं केलं.

एकदा सगळ्यांना नाडी मोजायला शिकवत होतो. शेजारी मारोतीभाऊ जाळं झटकत होते. साठी उलटलेली, जन्म तळ्यात पोहण्यात आणि जाळी ओढण्यात गेलेला. प्रकाशनं हौसेनं त्यांचं मनगट धरलं आणि घाबराघुबरा झाला.

"सर, भाऊचं हृदय बंद पडून राह्यलं!"

इतके सावकाश ठोके! मी सांगितलं, हे कमावलेलं हृदय आहे, एका ठोक्यात भरपूर रक्त ढकलतं, म्हणून त्याला घाई नाही. मारोतीभाऊंनी हात सोडवून घेतला. "मले तं वाटलं होतं, सगळ्याईचं असंच चालते."

आता शेवटचा किस्सा. वनिताचं दुखणं एकच, भीतीनं ती पहिल्याच फेरीत सुसाट सुटायची. इतक्या घाईत शरीराला प्राणवायू पुरत नाही, ते नुसत्या साखरेवर रेटतं, आणि निम्म्यात पाय जड होतात. मी म्हटलं, "पहिल्या दोन किलोमीटरला बोलत धाव. वाक्य पुरं होतंय तोवर वेग बरोबर."

"एकटीनंच बोलू?"

"लाज वाटेल?"

"नाई सर. मोहफुलं वेचाले एकटी गेली की मी बोलतेच. अस्वलाले कळाले पाह्यजे ना, माणूस येऊन राह्यलं म्हणून!"

परीक्षेच्या दिवशी तीन किलोमीटर. शिट्टी वाजली, सगळ्या पोरी सुटल्या आणि वनिता सर्वांत मागं, ओठ हलवत. दोरीपलीकडं माझेच ठोके मोजण्यासारखे झाले होते! दोन किलोमीटरनंतर पुढच्या पोरी एकेक ढिल्या पडू लागल्या. ही त्याच चालीत एकेकीला मागं टाकत आली, शेवटच्या फेरीत तोंड मिटून सुटली आणि वेळेच्या आत रेषेपार झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

वेळ लिहिणाऱ्या साहेबांनी मान वर केली. "अहो बाई, सारखं बोलत कोणाशी होता?"

वनितानं ओढणीनं तोंड पुसलं.

"सासऱ्याशी, साहेब. घरी एवढा वेळ कोण बोलू देते?"