आधी गेट, की आधी रजिस्टर?

हसायचं असेल तर चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागाहून ठसका लागला तर मी जबाबदार नाही. हा किस्सा माझाच आहे, आणि तो मी घरीसुद्धा तीन दिवस सांगितला नव्हता.

मी चौतीस वर्षं सरकारी कार्यालयात काढली. कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. निवृत्त झाल्यावर टेबलावरची पाटी गेली, पण मानेतला ताठा तसाच राहिला.

बुलढाण्याच्या बाजारात आम्ही वांगी घेतो ती धाड गावच्या कमलताईंकडून. शेत त्यांचं, भाजी त्यांची, आणि बोलणंही मोजून-मापून. या बाईंनी इतर चार बायांना धरून इथं पोरींचं वसतिगृह उभं केलंय, हे मला फार उशिरा कळलं. धाड, दुसरबीडकडच्या ज्या पोरी नर्सिंगला, नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीला इथं येतात, त्या तिथं राहतात. कारभार समितीचा, आणि समितीत कोणीही पगारी नाही.

एक दिवस कमलताई वांगी तोलता तोलता म्हणाल्या, "वानखेडेसाहेब, आमच्या कमिटीले कागद समजणारा माणूस पाह्यजे. रविवारी बारा वाजता मिटिंग आहे. येता का?"

मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार कसला करतो? घरी जाऊन सफारीला इस्त्री केली.

रविवारी मी अकरालाच पोचलो. अधिकारी माणसानं आधी जाऊन पाहणी करावी, अशी माझी जुनी सवय. अंगणात बाकावर चार माणसं बसली होती. हे समितीचे जुने सदस्य असणार, असं समजून मी प्रत्येकाशी हात मिळवला. त्यातला पिंपळगाव राजाचा एक बुटका गृहस्थ तर दचकून उभाच राहिला. मला ते योग्यच वाटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "वानखेडे कोण आहेत?"

गेलो. टेबलामागे सिंधूबाई होत्या, समितीच्या सदस्य, निवृत्त नर्स. शेजारी वीसेक वर्षांची एक मुलगी वही उघडून बसलेली. तिचं नाव अश्विनी, वसतिगृहातल्या पोरींनी निवडून दिलेली त्यांची प्रतिनिधी. दोघींनीही मला कधी पाहिलं नव्हतं. कमलताईंची धाडची जीप अजून यायची होती.

सिंधूबाईंनी घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग डोळ्यांचा नंबर, मग कानानं नीट ऐकू येतं का. मी मनात म्हटलं, वा! सदस्य निवडताना एवढी चौकशी तर आमच्या खात्यानं कधी केली नाही. तंबाखू खाता का, असं विचारल्यावर मात्र मी जरा गडबडलो, कारण ती त्या वेळी तोंडातच होती. मी बाहेर जाऊन आलो.

मग त्यांनी मला फाटकाचं कुलूप उघडून दाखवायला सांगितलं. नव्या सदस्याच्या हस्ते दार उघडायची प्रथा असेल, असं वाटलं. मी ते सावकाश, फोटो काढणाऱ्याला वेळ मिळेल अशा बेतानं उघडलं. फोटो कोणी काढला नाही. सिंधूबाई घड्याळ पाहत होत्या.

परत येऊन बसलो आणि आपणहून जाहीर केलं, की मी या कामाचा एक रुपयाही घेणार नाही.

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. "फुकट काऊन?" सिंधूबाईंचा आवाज एकदम बदलला.

"सेवा म्हणून," मी म्हणालो. "पोरींच्या सहवासात वेळही बरा जाईल."

आता कळतं, काय बोलून गेलो ते. तेव्हा मी हसत होतो.

अश्विनीनं पेन खाली ठेवलं. "काका, एखाद्या पोरीचा बाप दारू पिऊन आला, पोरीले आत्ताच घरी नेतो म्हणून राह्यला, तर काय करसान?"

"त्याला लेखी खुलासा मागवीन. सात दिवसांची मुदत देऊन."

"अन् मले क्लासवरून यायले उशीर झाला, तर?"

"रजिस्टरला कारणासह नोंद. घरी फोन."

"आधी गेट उघडसान, की आधी रजिस्टर?"

"नियमानं आधी रजिस्टर," मी ठणकावून सांगितलं.

तिनं वहीत काहीतरी लिहून खाली रेघ ओढली. पैकीच्या पैकी पडले असणार, अशी माझी खात्री झाली.

त्याच वेळी कमलताई आत आल्या. मला त्या खुर्चीत पाहून दारातच थबकल्या. "अवं, हे आपले नवे मेंबर व्हायचे! वॉचमनच्या मुलाखतीले काऊन बसवलं यांना?"

दुसरबीडचे कोणी वानखेडे यायचे होते, ते आलेच नव्हते. त्यांच्या जागी मी माझा अर्धा तास देऊन बसलो होतो.

हसण्याचा भर ओसरल्यावर सिंधूबाईंनी मला चहा दिला आणि खरं कारण सांगितलं. आधीचा वॉचमन पोरींना पाच मिनिटं उशीर झाला तरी घरी फोन लावायचा, वर दोन शब्द पदरचे जोडायचा. त्यापायी दोन पोरींना घरच्यांनी शिक्षण सोडायला लावलं. एकीचं तर नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. तेव्हापासून फाटकावरच्या माणसाला पोरी स्वतः प्रश्न विचारतात, आणि पोरींनी नाही म्हटलं तर समितीही नाही म्हणते. बाकावरची ती चारही माणसं वॉचमनच्या कामासाठीच आली होती. त्यातला तो बुटका गृहस्थ माझ्या आधीच मुलाखत देऊन बाहेर बसला होता, आणि त्यानं अश्विनीच्या त्याच प्रश्नाला सांगितलं होतं, "आधी गेट उघडीन. मंग इचारीन, जेवली का बाई." काम त्याला मिळालं.

चौतीस वर्षांत मी किती रजिस्टरं भरून घेतली असतील! पण फाटकाबाहेर कोण उभं आहे, हे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

तरी ताठा कुठे जातो? मी घसा साफ करून म्हणालो, झालं ते झालं, आता सदस्यत्वाचं काय ते पाहू.

अश्विनीनं कमलताईंना विचारलं, "ताई, मेंबरसाठी प्रश्न येगळे असतात का?"

"नाही," कमलताई शांतपणे म्हणाल्या. "तेच असतात."

मग त्यांनीच तोड काढली. एक वर्ष मी मिटिंगला बसायचं, कागदपत्रं नीट लावायची, पण मत द्यायचं नाही. वर्षाअखेर पोरी ठरवतील. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यभर लोकांचे गोपनीय अहवाल लिहिले, तो त्रेसष्टाव्या वर्षी परिवीक्षाधीन झाला, आणि त्याचा अहवाल वीस वर्षांची पोरगी लिहू लागली.

सहामाही शेरा परवाच मिळाला. मी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून.

'काका ऐकतात. दोनदा सांगावं लागते.'