गाडीवरची फुगडी

लग्न होऊन मी सावंतवाडीकडच्या एका गावातून डिचोलीला आले, तेव्हा गोवा नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि भाषेचा वाद अजून पुरता विझला नव्हता. कोकणी की मराठी, यावर बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा आवाज चढत. ज्याला त्याला काहीतरी म्हणायचं असे. अपवाद फक्त माझ्या नवऱ्याचा. तो दोन्ही भाषांमध्ये गप्प होता.

खाणीच्या वर्कशॉपमध्ये तो फिटर होता. सकाळी जाताना "येतां" म्हणे, आल्यावर चहाच्या कपाकडे बघून मान हलवी. पहिल्या आठवड्यात त्याच्यापेक्षा दारात पाव घेऊन येणारा पोदेरच माझ्याशी जास्त बोलला असेल. मला वाटलं, याला मी आवडलेले नाही. माहेरी चवथीला फुगडी घालताना माझ्याबरोबर हात गुंफायला मुली घाबरायच्या, इतकी मी गरगर फिरायचे. आणि आता हा घुम्या माणूस. कसं व्हायचं, या विचाराने मला जेवण जात नसे.

मग एका संध्याकाळी त्याने मोटारसायकल बाहेर काढली. जुनी, काळी, गुडघे घासून टाकीचा रंग उडालेली. नार्व्याच्या देवळात जायचं होतं. मी साडी सावरत एका बाजूला पाय सोडून बसले. बाजार संपला, वळणं सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की हा घरातला माणूस नव्हे. घरात कायम आखडलेले त्याचे खांदे सैल सुटले होते. वळण यायच्या जरा आधी तो अंग कलवी, गाडी त्याच्याबरोबर झुके आणि वळणातून बाहेर पडताना असा काही झोकात सरळ होई की मला माझ्या नकळत हसू आलं. उतरणीवर त्याने इंजिन हलकं सोडलं आणि चक्क शीळ घातली. देवळापाशी उतरलो तेव्हा मी विचारलं, "अहो, तुम्ही शीळ घालत होता?"

"ना," तो म्हणाला आणि चपला काढायला लागला.

हळूहळू मला त्याची गाडी वाचता यायला लागली. खुशीत असला की तो दाराशी येताना एक उगीचच मोठा वळसा घेई. वर्कशॉपात साहेबाशी खटका उडाला असला की गाडी नाकासमोर सरळ येऊन धाडकन थांबे. सासूबाई तर न बघताच ओळखत. चुलीपाशी बसून कान देत आणि सांगत, "आज खुशीत आसा. बांगडे भाज."

त्या वर्षी होळीनंतरच्या शिगम्यात वाड्यावरचे सगळे पुरुष ढोलाच्या मागून नाचत गेले. माझा नवरा देवळाच्या खांबाला टेकून उभा. मी जवळ जाऊन म्हटलं, "जा की तुम्हीपण."

"माका येना," तो म्हणाला. मला येत नाही. आणि मग, मी काही न विचारता, पुढे म्हणाला, "फाल्यां वचूंया." उद्या जाऊया. कुठे, ते काही सांगितलं नाही.

दुसरा दिवस रविवार होता. रविवारी खनिजाचे ट्रक बंद असत. एरवी ज्या रस्त्यावर लाल धुळीत समोरचं माणूस दिसत नसे, तो खाणीकडचा रुंद रस्ता सकाळच्या उन्हात मोकळा पडला होता. त्याने मला "घट्ट धर" एवढंच सांगितलं. आणि मग तो नाचला. दुसरा शब्द मला सुचत नाही. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गाडी लाटेसारखी गेली. पुढे जिथे ट्रक वळवायची मोकळी जागा होती, तिथे त्याने आठाचे आकडे काढले, आधी मोठे, मग लहान, मग इतके लहान की माझा पदर मातीला टेकतो की काय असं वाटलं. सुरुवातीला मी अंग चोरून, वळणाच्या उलट ओढत बसले होते. मग फुगडी आठवली. फुगडीत ओढ येते तिच्याशी भांडायचं नसतं, अंग तिच्या स्वाधीन करायचं असतं. मी सैल झाले. त्याला ते लगेच कळलं असणार, कारण त्याने मान मागे वळवून विचारलं, "भियेलें?"

"नाही," मी म्हटलं. "आणखी एकदा."

घरी परतलो तेव्हा आम्ही दोघं भुवयांपर्यंत लाल होतो. सासूबाईंनी आम्हाला विहिरीवर पिटाळलं आणि कशाला गेला होता हे विचारलंही नाही.

दोनेक वर्षांनी मी म्हटलं की मलाही शिकव. एव्हाना "अहो" गळून पडलं होतं. त्याने चावी काढून माझ्या हातात ठेवली. शिकवणी कापणी झालेल्या शेतात झाली. मी पंजाबी ड्रेस घालून किक मारी, किक उलटून माझ्या पोटरीला मारी. दोनदा बांधावर आपटले, एकदा एका म्हशीने मला वाट दिली नाही म्हणून मीच पडले. सासूबाई रोज सांगत, "बायल माणसान असलें करचें न्हय." मी "होय" म्हणे आणि शेतात जाई. लायसन्सच्या परीक्षेला गेले तेव्हा साहेबांनी माझ्या मागे पाहत विचारलं, "स्कूटर कुठे लावलीय?" मी मोटारसायकलकडे बोट दाखवलं. ते उठून बाहेर आले, आणि त्यांच्याबरोबर अर्धं ऑफिस.

पण खरी परीक्षा पुढेच झाली. चोपड्याला नणंदेच्या घरी सत्यनारायण होता आणि आदल्या दिवशी वर्कशॉपात जॅक पायावर पडून नवऱ्याचा अंगठा सुजला. बहिणीकडे न जाऊन चालणार नव्हतं. शेवटी मी पुढे बसले आणि तो, लग्नानंतर पहिल्यांदाच, मागे.

अस्नोडा यायच्या आधीच तो बोलायला लागला.

"क्लच सोड. आतां धर. फुडें खड्डो आसा. माका दिसलो, तुका दिसलो?" म्हापसा गेलं तरी थांबेना. मी वळण जरा झोकात घेतलं की म्हणे, "तूं गाडी चलयना गो, फुगडी घालता." मी म्हटलं, "मग उतर आणि चालत ये." तर तो हसला आणि पुढे बोलतच राहिला. गाडीवरून मग तो बापावर आला. ही गाडी त्याच्या बापाची. बाप शिगम्यात पहिल्या ओळीत नाचायचा आणि लहानपणी याचं पाऊल चुकलं तेव्हा बापानेच सगळ्यांसमोर याला बाहेर काढलं होतं. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वळून त्याच्याकडे बघावंसं वाटत होतं, पण समोरून बस येत होती.

शिवोलीला फेरीबोटीत गाडी चढवली तेव्हा सगळी बोट आमच्याकडे बघत होती. मासळीची पाटी घेतलेल्या एका बाईने त्याला विचारलं, "बायलेक गाडी दिली? आनी तूं कितें करता?" बायकोच्या हाती गाडी, मग तू काय करतोस?

"हांव उलयतां," तो म्हणाला. मी बोलतो.

चोपड्याला पोहोचल्यावर पूजा चालू असतानाही त्याचं थांबलं नव्हतं. नणंदेने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "ह्याका कितें जालां? ताप बी आयला?" मी सांगितलं, अंगठा सुजलाय.

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं. रविवारी जाताना तो चालवी, येताना मी. जाताना आम्ही गप्प असू, आणि तो वळणांवरून काय म्हणतोय ते मला कळे. येताना तो मागून बोले आणि मी हूं हूं करत गाडी झुलवी. त्याचं चालवणं अजूनही माझ्यापेक्षा सुबक होतं. माझं त्याच्यापेक्षा जास्त नाचरं होतं, हे त्याने स्वतः कबूल केलं, सासूबाईंसमोर.

एव्हाना तो घरात आणि सासूबाईंना मागे बसवून नेतानाही बोलायला लागला होता. पुढच्या बुधवारी, डिचोलीच्या बाजाराच्या दिवशी, त्या पिशवी घेऊन अंगणात आल्या, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "माका बाजारांत सोड. तो उलोवन जीव खाता."